काशेकाकांनी काढलेला माझा माग

चहा घेताय ना? घ्या. पण घोट घेताना माझ्याकडे बघू नका. ठसका लागेल आणि मग म्हणाल, शैलानं आधी सांगितलं नाही!

अमेरिकेत माझ्या हातून घोळ काय कमी झाले? डिशवॉशरमध्ये साधा भांड्यांचा साबण ओतून किचनभर फेस केलाय. सॅन फ्रान्सिस्कोला म्हणून निघून उलट्या दिशेला लसणासाठी प्रसिद्ध गिलरॉयला पोचलेय, आणि आलोच आहोत तर म्हणून लसूण घेऊन परत आलेय. पण ज्या घोळाचा तपास लावायला थेट आफ्रिकेच्या वाळवंटातून माणूस यावा लागला, असा घोळ एकच. तोच सांगते.

दोन हजार दोन सालचा वसंत. क्युपर्टिनोत आम्ही नवे होतो. सतीश दिवसभर ऑफिसात, ऋचा चौथीत, आणि मला व्हिसामुळे नोकरी करता यायची नाही. घरात बसून बसून मी सतीशच्या मोज्यांना इस्त्री करायला लागले, तेव्हा तोच हात जोडून म्हणाला, "शैला, यार, प्लीज कुठेतरी व्हॉलंटिअर कर!"

म्हणून मी डोंगरातल्या राखीव जंगलात जायला लागले. तिथे नॅन्सी नावाची रेंजर होती. उंच, उन्हानं रापलेली, आणि जंगलावर जीव टाकणारी. शाळेच्या पोरांना ट्रेलवर न्यायचं, झाडं दाखवायची, प्राण्यांच्या खुणा दाखवायच्या, जंगल का राखायचं ते समजावायचं, हा तिचा वर्ग. मी तिच्या हाताखाली. म्हणजे कॉफी करायची आणि पोरांची नाकं पुसायची.

त्या वर्षी तो वर्ग बंद पडायची वेळ आली होती. ऋचाच्या शाळेच्या प्रिन्सिपल, मिसेस पार्कर, म्हणाल्या, "मुलांचे टेस्टचे मार्क महत्त्वाचे. जंगलात फिरून मुलं नेमकं काय शिकतात, ते मला एकदा दाखवा. मग ठरवू." आणि त्या स्वतः वर्गाबरोबर बघायला येणार होत्या. नॅन्सीचा सगळा जीव त्या एका सकाळीत अडकला होता.

मग नॅन्सीनं हुकमाचं पान काढलं. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटात सान लोक राहतात. वाळूतला माग वाचावा तर त्यांनी! कुठला प्राणी, कधी गेला, भुकेला होता की दमलेला, सगळं नुसत्या पाऊलखुणांवरून सांगतात. त्यांच्यातले एक जाणते मागकरी, काशे नावाचे, तेव्हा अमेरिकेतल्या जंगलांमध्ये शिकवायला आले होते. त्यांना नॅन्सीनं महिनोन् महिने पाठपुरावा करून आमच्याकडे एका सकाळपुरतं मिळवलं.

आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. "सगळी तयारी झालीये. तू फक्त साडेआठला ये आणि कॉफीचं टेबल बघ."

फक्त कॉफीचं टेबल! अहो, एवढा मोठा माणूस समुद्र ओलांडून येणार आणि मी फक्त कॉफीचं टेबल बघू? माझं माहेर नाशिकचं. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे आधी अंगण झाडायचं, सडा घालायचा, रांगोळी काढायची, मग बाकीचं. पाहुण्याचा पाय न झाडलेल्या अंगणात पडला, तर आमच्या आईला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

मी साताच्या सुमारास हजर! अंगावर पैठणी, वरून जाकीट, खाली नवेकोरे स्नीकर. हसू नका, ट्रेलवर कोल्हापुरी चालत नाही.

आणि बघते तर काय? ट्रेलच्या तोंडाशीच वाळूचा भलामोठा पट्टा. त्यावर पालापाचोळा, कसलेकसले ओरखडे, खड्डे. मधोमध, शी, कुठल्यातरी जनावराची घाण! आणि जिकडेतिकडे काड्यांना लावलेली छोटी रंगीत निशाणं. आमच्या रस्त्यावर गॅसची पाइपलाइन दाखवायला असली निशाणं रोवून ठेवायचे, आणि काम झालं तरी महिनोन् महिने काढायचे नाहीत. मला वाटलं, तीच ही.

मनात म्हटलं, बघा! एवढी हुशार बाई नॅन्सी, पण दारातच हा उकिरडा. पाहुण्यानं काय म्हणावं?

इथल्या महाराष्ट्र मंडळाचा पाडवा नुकताच झालेला. त्यामुळे गाडीच्या डिकीत खराटा होता. हो, नाशिकहून आणलेला, एअरपोर्टवरच्या माणसाला "धिस इज फॉर क्लीनिंग" असं पंधरा वेळा सांगून आणलेला. रांगोळी संपली होती, पण तांदळाची पिठी होती. मी पदर खोचला.

काय झाडलंय म्हणून सांगू! मागे मागे सरकत, अर्धगोल हात मारत, असा चकाचक पट्टा केला की आईनं बघितला असता तर पाठ थोपटली असती. ती घाण कागदात उचलली, निशाणं गोळा केली, सगळं एका पिशवीत बांधून पार्किंगमधल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग बादलीभर पाणी आणून सडा घातला. मधोमध कमळ काढलं. आणि ट्रेलपासून कमळापर्यंत लक्ष्मीची पावलं. मुठीनं एक पाऊल उमटवायचं, वर बोटानं पाच टिपके. गोजिरवाणी दिसत होती अगदी.

मी मागे होऊन कौतुकानं बघत होते, तेवढ्यात झुडपातून एक रानटर्की आली. नाही, आला. शेपूट पिसारून, मानेची लाल झालर हलवत. त्याला पिठी खायची होती आणि मी मधे उभी. पुढचं सांगत नाही. गाडीत बसून मी काचा वर केल्या, एवढंच सांगते. त्यानं पोटभर खाल्लं आणि सावकाश निघून गेला. कमळाची एक पाकळी तेवढी गेली. मला वाटलं, हे कुणाला कळायचं कारणच नाही.

साडेआठला नॅन्सी आली. मागोमाग शाळेची बस. मी कॉफीच्या टेबलामागे हसतमुखानं उभी, आता शाबासकी मिळणार म्हणून.

नॅन्सी वाळूपाशी गेली आणि जागच्या जागी थिजली. मग वळून दोन्ही हात पसरून ओरडली, "मुलांना खाली उतरवू नका! वाळूवर पांढरी पूड आहे!"

तुम्हाला आठवतंय ना? काही महिन्यांपूर्वीच टपालातून पांढरी विषारी पूड आल्यानं अख्खा देश हादरला होता. डोनटवरची साखर टेबलावर सांडली तरी ऑफिसं रिकामी व्हायची. नॅन्सीनं कंबरेचा रेडिओ काढला. मिसेस पार्करनी बसचं दार लावून घेतलं. आता फायर ब्रिगेड येणार, अंतराळवीरासारखे कपडे घातलेली माणसं येणार आणि माझं कमळ प्रयोगशाळेत जाणार!

मी पैठणी सावरत धावले. "नॅन्सी, थांब! राइस! राइस फ्लार!" तिला पटेना. मग मी खाली वाकून लक्ष्मीच्या पावलातली पिठी बोटावर घेतली आणि सगळ्यांच्या देखत चाटली. वाळूसकट. बसच्या काचेला नाक लावून ऋचा बघत होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"म्हणजे हे तू काढलंस?" नॅन्सीनं विचारलं.

"हो. स्वागताला."

"आणि वाळू? वाळू कुणी झाडली?" तिचा आवाज कापायला लागला. "शाइला, मी काल संध्याकाळी ही वाळू सपाट करून ठेवली होती, रात्री प्राण्यांचे ठसे उमटावेत म्हणून. पहाटे साडेपाचला येऊन पाहिलं. हरणं, कोल्हा, रानमांजर आणि माउंटन लायन! इथे इतक्या वर्षांत पहिल्यांदा लायनचा ताजा ठसा, आणि शेजारी त्याची ताजी विष्ठा! एकेका ठशाजवळ मी निशाण रोवलं आणि काशेंना आणायला गेले. आज तोच तर धडा होता!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं.  मी घाण म्हणून उचलली ती तिथल्या डोंगरी सिंहाची, म्हणजे प्यूमाची! आणि ते ओरखडे म्हणजे वर्गाचा फळा! शिक्षक यायच्या आधी मी फळा पुसून ठेवला होता, वर पाणीही मारलं होतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं ना? पण नॅन्सीचे डोळे भरलेले, मिसेस पार्कर घड्याळ बघतायत, लेक काचेतून बघतेय. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आले तेव्हा वाळू अशीच होती. मेंटेनन्सवाले असतील."

झालं! नॅन्सीनं रेडिओवर मेंटेनन्सच्या टॉमला असं काही फैलावर घेतलं की विचारू नका. तो बिचारा पलीकडून शपथा घेतोय, आणि मी इकडे कॉफीचे कप एकात एक घालून परत सुटे करतेय.

तेवढ्यात काशेकाका नॅन्सीच्या जीपमधून उतरले. हो, काकाच. साठीचे, लहानखुरे, काटक, डोळ्यांभोवती हसून हसून पडलेल्या सुरकुत्या. अशा माणसाला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. बरोबर त्यांची भाची सारा. ती युनिव्हर्सिटीत शिकत होती, मामांचं बोलणं इंग्लिशमध्ये सांगायची. त्यांच्या भाषेत बोलता बोलता जिभेनं टक्, चक् असे आवाज येतात. आपण बैल हाकताना करतो ना, तसे. पण त्यांच्याकडे ती अक्षरं आहेत. इतकं सुंदर वाटलं कानाला, मी क्षणभर माझी भीतीही विसरले.

नॅन्सीनं रडवेल्या आवाजात सांगितलं, "आय अॅम सो सॉरी. दाखवायला एकही ठसा उरला नाही."

काकांनी वाळूकडे एकदा पाहिलं आणि खुदकन हसले. काहीतरी बोलले. सारा म्हणाली, "मामा म्हणतात, मुलांना बोलवा. इथे तर वाचायला भरपूर आहे."

पोरं वाळूच्या कडेनं गोल बसली. काकांनी आधी लक्ष्मीच्या पावलांकडे बोट दाखवलं. "कुणाची?"

"बेबी बेअर!" "रकून!" "माकड!" पोरांनी अख्खं प्राणिसंग्रहालय उभं केलं.

काका पालथे पडले. गाल वाळूला टेकवला. मग उठून म्हणाले, "या प्राण्याला वजनच नाही. टाच दबली नाही, बोटं रुतली नाहीत. हा चाललेला नाही. हा हातातून जन्मलाय." आणि त्यांनी मूठ वळून वाळूवर तस्सं पाऊल उमटवलं, बोटानं पाच टिपके दिले! नाशिकमध्ये आमच्या शेजारच्या बायकांना आयुष्यात इतकं सुबक जमलं नाही, ते त्या माणसानं नुसतं बघून केलं. मी मनातल्या मनात लोटांगण घातलं.

पण लोटांगण पुरतं घालून व्हायच्या आत ते पुढे सरकले.

"वाळू झाडणाराही हाच. बघा, रेघा अर्धगोल आहेत, उजवीकडून डावीकडे. उजव्या हाताचा. मागे मागे सरकत झाडलंय, म्हणजे रोजची सवय. घाई नव्हती. काम आवडीनं केलंय." मग वाळूच्या कडेला एका पसरट पट्ट्यावर बोट ठेवलं. "आणि याला शेपूट आहे. रुंद. मागून ओढत चालतो."

"बीव्हर!" पोरं ओरडली.

मी हळूच पैठणीचा घोळ उचलून घेतला. ऋचानं माझ्याकडे पाहिलं. मग शेपटाकडे. मग परत माझ्याकडे. "आई," ती पुटपुटली, "यू डिडन्ट!"

"तू गप बस," मी डोळ्यांनी दटावलं.

"पाय नवीन बुटात आहेत, डावा चावतोय, म्हणून त्या पायाचा भार बाहेरच्या बाजूला. इथे थांबला. इथे मागे होऊन परत थांबला, मान तिरकी करून. स्वतःचं काम बघून फार खूश झालाय." काकांनी माझीच मान तिरकी करून दाखवली हो! पोरं खिदळली. "आणि इथे बघा! एकदम ढांगा लांब, टाच नाही, नुसते चवडे. हा पळाला! का पळाला?"

एक मुलगी उठून हळूच म्हणाली, "शेजारी पक्ष्याचे पाय आहेत. तीन बोटांचे. टर्की!"

"शाबास!" काकांनी तिला जवळ घेतलं. "मग आता सांगा, कोण पुढे आणि कोण मागे?" पोरं चौफेर रांगायला लागली. पक्ष्याचा ठसा माणसाच्या ठशावर पडलाय हे त्यांनीच शोधलं. म्हणजे माणूस पुढे. इतका मोठा प्राणी कोंबड्याला घाबरला म्हणून मिसेस पार्करसुद्धा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

मग ती वरात निघाली. पुढे काका, मागे पोरं, मागे प्रिन्सिपल. कुठे ओली वाळू, कुठे पिठीचा कण, कुठे दबलेलं गवत. थेट कचऱ्याच्या डब्यापाशी! नॅन्सीनं डब्यात डोकं घालून पिशवी काढली. आत निशाणं, आणि कागदात नीट गुंडाळलेला सिंहाचा ऐवज. पुडी बांधायची आपली पद्धत, दोरा तेवढा नव्हता. काकांनी काडीनं ती विष्ठा उलगडली, आतले हरणाचे केस दाखवले. लायननं कधी खाल्लं, किती खाल्लं, सगळं सांगितलं. एरवी पालक बघितला की "यक्" म्हणणारी ती पोरं, त्यात नाक खुपसून बघत होती!

तिथून वरात वळली. कॉफीच्या टेबलाकडे.

मी टेबलामागे उभी. मनात म्हणतेय, भूमाते, पोटात घे. काका समोर आले. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. वाकून टेबलाखाली बघितलं. स्नीकरवर ओली वाळू, पिठीचे डाग, आणि डावा पाय मी तेव्हासुद्धा बाहेरच्या बाजूला टेकून उभी होते. ते उठले आणि दोन्ही हात माझ्याकडे करून, मोठ्या दिमाखात, जादूगार दाखवतो तसं मला सगळ्यांना दाखवलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात कुणी? माझ्या पोटच्या पोरीनं.

मी म्हटलं, "नॅन्सी, मला माफ कर गं. आमच्याकडे पाहुणा येणार म्हणजे... आणि टॉमला प्लीज सॉरी सांग." रडूच फुटलं मला. तिचा वर्ग माझ्या खराट्यानं गेला असता.  रेडिओ काढून तिनं माझ्या हातात दिला. टॉमची माफी मलाच मागावी लागली, सगळ्यांच्या समोर.

कॉफी पिताना मिसेस पार्करनी काकांना विचारलं, "तुमच्या गावातल्या मुलांना हे सगळं येतं?"

 काका सावकाश बोलले, आणि साराही तितकंच सावकाश सांगत गेली. माग वाचणारी म्हातारी माणसं थोडी उरलीत. मुलं शाळेत लांब जातात. शिकारीवर जागोजागी बंदी आली, त्यामुळे माग काढायला पाय वाळूत पडत नाहीत. म्हणून ते आता प्राणी राखायच्या कामासाठी माग काढायला शिकवतात. कुठले प्राणी आहेत, कुठे गेले, कमी का झाले, ते कळावं म्हणून. "दूर देशातली मुलं हे शिकायला वाळूत लोळली, असं मी घरी जाऊन सांगेन. मग आमच्या पोरांनाही वाटेल, आपल्या म्हाताऱ्याकडे काहीतरी आहे."

मला कसंतरी झालं हो ऐकून. एवढी विद्या! आणि ती मिरवायची म्हणून नाही, आपल्यामागे राहावी म्हणून हा माणूस देशोदेशी वाळूवर गाल टेकवत फिरतोय. मी त्यांना वाकून नमस्कार केला. कुणाला काय वाटायचं ते वाटो.

मिसेस पार्करनी कप खाली ठेवला. "नॅन्सी, पुढच्या वर्षीपासून चौथीचे सगळे वर्ग येतील. मुलं आज पुरावा शोधायला शिकली. मला आणखी काही नको." नॅन्सीनं मला अशी मिठी मारली की माझा श्वास कोंडला. "फक्त एक प्रश्न आहे," मिसेस पार्कर म्हणाल्या. "काशे तर परत जाणार. आणि कोल्हा, सिंह हे काही शाळेच्या टाइमटेबलप्रमाणे येत नाहीत. मग मुलांना माग कुणाचा दाखवणार?"

सारानं ते मामांना सांगितलं. त्यांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं आणि बराच वेळ, टक् चक् करत, अगदी गंभीर चेहऱ्यानं बोलले. साराला हसू आवरेना.

"सांग ना गं, काय म्हणाले?" मी विचारलं.

"आधी एक सांगते, काकू," ती म्हणाली. हो, तोपर्यंत ऋचानं तिला काकू म्हणायला शिकवलं होतं. "आमच्यात कुणावर जीव जडला की त्याची थट्टा करतात, म्हणजे तो शेफारत नाही. तेव्हा मनावर घेऊ नका. मामा म्हणतात, हरणाचा भरवसा नाही आणि सिंहाचा तर नाहीच. शिकाऊ मुलांना प्राणी असा हवा, की जो अंगानं जड, चालताना आवाज करणारा, एकही खूण लपवता न येणारा, आणि तरी स्वतःला फार हुशार समजणारा. असा प्राणी सापडायला आमच्याकडे जन्म जातो. तुमच्याकडे आयता आहे. फक्त सकाळी लवकर वाळूत सोडत जा."

आणि सोडतात हो! दर वसंतात नॅन्सी मला सोडते.